बोक्याच्या शुगरसाठी माणसांचं ग्लुकोमीटर: भुसावळच्या उन्हाळ्यासकट अनुभव

कॉन्टूर प्लस हे शुगर मोजायचं मशीन माणसांसाठी आहे. मी ते आमच्या बाळ्यासाठी, म्हणजे नऊ वर्षांच्या नारिंगी बोक्यासाठी वापरते. ज्यांच्या मांजराला इन्सुलिन सुरू झालंय आणि आकडा काल 380 तर आज 140 बघून ज्यांना धडकी भरते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मशीनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सिरिंज आणि सेन्सरबद्दलही सांगते, कारण एकट्या मशीनवर भागत नाही.

बाळ्याची हकीकत थोडक्यात. नसबंदी झालेला, घरातच बसून खाणारा, वजन सात किलोच्या जवळ पोचलेलं. अशा बोक्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो हे मला नंतर कळलं. आधी तो बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला. मग त्याच्या वाळूच्या ट्रेला मुंग्या लागायला लागल्या. खाणं वाढलं आणि वजन मात्र उतरलं. शेवटी मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. मधुमेहात नसांवर परिणाम झाला की मांजरं अशी चालतात.

दवाखान्यात शुगर आली 400 च्या वर. पण डॉक्टर म्हणाले, "ताई, एवढ्यावर ठरवायचं नाही. मांजर घाबरलं तरी शुगर 300 च्या पुढे जाते." भुसावळहून जळगावपर्यंत बाळ्या हायवेभर ओरडत आला होता, त्यामुळे ते मला लगेच पटलं. त्यांनी फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी करायला लावली. मांजराच्या मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या शुगरचा अंदाज त्यातून येतो, त्या दिवसाच्या भीतीचा त्यावर परिणाम होत नाही. रिपोर्ट आला, मधुमेह पक्का झाला आणि ग्लार्जिन इन्सुलिन सुरू झालं. एक युनिट सकाळी, एक संध्याकाळी, मध्ये बारा तास.

दवाखान्यातला आकडा असा भीतीने फुगतो, म्हणूनच घरी मोजणं मांजरासाठी फार महत्त्वाचं आहे. स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या गोधडीवर बसलेल्या मांजराची शुगर खरी. खास कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेली मशीनंही असतात, पण ती आणि त्यांच्या पट्ट्या इकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत. पट्टी संपली आणि कुरिअरची वाट बघत बसले, असं इन्सुलिनवरच्या जनावराच्या बाबतीत चालत नाही. माणसांच्या मशीनच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, हा माझ्या दृष्टीने पहिला गुण.

दुसरा गुण रक्ताच्या थेंबाचा. या मशीनला 0.6 मायक्रोलिटर रक्त लागतं, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब. पट्टीचं टोक थेंबाला लावलं की पट्टी स्वतःच रक्त ओढून घेते आणि पाच सेकंदांत आकडा येतो. रक्त कमी पडलं तर मशीन तसं सांगतं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्याच पट्टीला आणखी रक्त लावता येतं. माणूस म्हणेल, त्यात काय विशेष, दुसरी पट्टी घ्या. पण मांजर पुन्हा टोचू देईल याची काही खात्री नसते. त्या अर्ध्या मिनिटाने माझ्या कितीतरी पट्ट्या आणि बाळ्याचा कान वाचवलाय.

आता कान. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. कान उजेडाकडे धरला की ती दिसते. टोचायचं शिरेत नाही. शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत. त्याआधी कान गरम करायचा, थंड कानातून थेंब येत नाही. मी शिवणकाम करते, तेव्हा उरलेल्या सुती कापडाची तळहाताएवढी पिशवी शिवली, त्यात तांदूळ भरले. ती तव्यावर कोमट करायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची आणि मग त्याच्या कानावर थोडा वेळ धरायची. बाळ्या तेवढ्यात डोळे मिटतो. कानाच्या कडेला व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवायचं, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब बनून उभं राहतं. कानाच्या मागे दुमडलेला कापूस धरायचा, नाहीतर सुई आरपार जाऊन आपल्याच बोटात शिरते. टोचलं, थेंब आला, पट्टी लावली. मग कापसाने कान थोडा वेळ दाबून धरायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. हा तुकडा कधी चुकवायचा नाही. आता तांदळाची पिशवी तव्यावर टाकली की बाळ्या स्वतःहून खाटेवर येऊन बसतो.

अर्धा गुण मी कापलाय तो आकड्याच्या अचूकपणासाठी, आणि तो कुठल्याही माणसांच्या मशीनला लागू आहे. मांजराच्या रक्तात साखर पेशी आणि पातळ द्रव यांच्यात ज्या प्रमाणात वाटलेली असते, ते प्रमाण माणसापेक्षा वेगळं आहे. म्हणून माणसांचं मशीन मांजराची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. डॉक्टरांनी एकदा बाळ्याच्या एकाच रक्ताची तपासणी लॅबमध्येही केली आणि माझ्या मशीनवरही. फरक चांगलाच होता. पण त्यांनी सांगितलं की मशीन बदलू नका, रोज हेच वापरा, मी याच मशीनच्या हिशोबाने डोस ठरवतो.

शिवाय मशीनची स्वतःची चूक असते ती वेगळीच. घरगुती ग्लुकोमीटरसाठीचं 2013 चं आयएसओ हे आंतरराष्ट्रीय मानक असं सांगतं की शुगर 100 किंवा त्याहून जास्त असेल तर निदान 95 टक्के आकडे लॅबच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त 15 टक्के कमीजास्त असावेत. म्हणजे खरी शुगर 300 असेल तर मशीनने 255 दाखवलं तरी ते पास आणि 345 दाखवलं तरीही पास. हे कळलं आणि माझी अर्धी घालमेल तिथेच थांबली. सकाळी 310 आणि लगेच दुसऱ्या पट्टीवर 285 आलं, तर बाळ्याला काहीही झालेलं नसतं.

उरलेली घालमेल खऱ्या चढउतारांची. ते मशीनच्या चुकीत बसत नाहीत, आणि त्यांनीच माणूस खचतो. मी वही ठेवते: वेळ, आकडा, किती खाल्लं, डोस, कुठे टोचलं, आणि घरात त्या दिवशी काय चाललं होतं. हा शेवटचा रकाना मी स्वतःच्या मनाने वाढवला आणि तोच सर्वांत उपयोगी पडला. आमचे हे लोको पायलट आहेत, ड्युटीची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे सुई कधी मी देते, कधी ते. वही नसती तर कोणी दिली, दिली की नाही, यातच गोंधळ झाला असता. शंका असेल तर दुसरा डोस द्यायचा नाही, हा आमच्या घरात नियम आहे. एक डोस चुकल्याने मांजर लगेच दगावत नाही, दुप्पट डोसने दगावू शकतं.

महिन्यातून एकदा डॉक्टर कर्व्ह काढायला सांगतात, म्हणजे दिवसभर दर दोन तासांनी शुगर. वहीतला एक चांगला दिवस इथे देते. सकाळी 8 वाजता सुईआधी 342. 10 ला 268, 12 ला 171, 2 ला 118, 4 ला 132, 6 ला 215 आणि रात्री 8 ला 318. सकाळी-रात्रीचे दोनच आकडे बघितले असते तर मी म्हटलं असतं की इन्सुलिन लागूच पडत नाही, डोस वाढवा. पण दुपारी दोनला शुगर 118 पर्यंत उतरली होती. डोस वाढवला असता तर हाच खालचा आकडा धोक्यात गेला असता. डोस ठरतो तो या सर्वांत खालच्या आकड्यावरून. हे एक वाक्य मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री नीट झोप लागली असती.

आणि तोच डोस, तेच खाणं असूनही दुसऱ्या दिवशीचा कर्व्ह वेगळा येतो. मांजरांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. म्हणून आमचे डॉक्टर एका आकड्यावर कधीच डोस हलवत नाहीत. काही दिवसांचे आकडे एकत्र बघतात आणि बदल केला तर अर्ध्या युनिटचा. रक्तातली शुगर फार खाली गेली की शरीर स्वतः साखर सोडतं आणि मग बराच वेळ आकडा चढलेला दिसतो, असंही होऊ शकतं. म्हणून चढलेला आकडा दिसला की डोस वाढव, हे घरच्या घरी करणं सरळसरळ धोक्याचं आहे. हात जोडून सांगते, करू नका.

शेवटच्या रकान्याने काय काय दाखवलं ते सांगते. समोरच्या मंगल कार्यालयात डीजे वाजला त्या दिवशी शुगर चढलेली. पाहुणे लहान मुलांसकट मुक्कामाला आले, तेव्हाही. एकदा मात्र असं काहीच कारण नसताना आकडा 300 च्या खाली यायलाच तयार नव्हता आणि तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसायचा. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. मधुमेही मांजरांना तो वरचेवर होतो. औषधाचा कोर्स झाला आणि डोस न वाढवता शुगर खाली आली. दातांच्या, हिरड्यांच्या दुखण्यानेही असंच होतं. आकडा अडून बसला तर आधी शरीरात कुठे काही दुखतंय का ते बघायचं.

या मशीनने आपली किंमत एका संध्याकाळी वसूल केली. बाळ्याने सुई घेतल्यानंतर जेवण सगळं उलटून टाकलं होतं. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि मागून डुलायला लागला, हाक मारली तरी बघेना. आकडा आला 48. साठच्या खालचा आकडा म्हणजे वाट बघत बसायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलेलं होतं. माणसांचं मशीन कमी दाखवतं, खरा आकडा जरा जास्त असेल, असले हिशोब अशा वेळी करायचे नसतात. ग्लुकोजची पावडर थोड्या पाण्यात दाट कालवली आणि बोटाने हिरड्यांना चोळली. तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सासूबाईंनी डॉक्टरांना फोन लावून माझ्या कानाला धरला. मी दर पंधरा मिनिटांनी मोजत होते: 48, 61, 87. मग तो हळूहळू चाटायला लागला आणि चिकनचं पाणी प्यायला. त्याला त्या वेळी झटके यायला लागले असते किंवा आकडा वर आला नसता, तर सरळ गाडी काढून दवाखाना गाठायचा होता. ग्लुकोजचा डबा तेव्हापासून फ्रिजवर, सर्वांना दिसेल असा असतो. सासूबाई तेव्हा जे म्हणाल्या तेच आता आमच्याकडे रोज चालतं: "आधी त्याले खाऊ घाल, मंग सुई टोच."

आता सिरिंज, आणि हा भाग कृपया गाळू नका. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीचं मिळतं. सासूबाईही इन्सुलिन घेतात, त्यांचं आहे ते 40 चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. बाळ्याचं ग्लार्जिन आहे 100 चं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर एका युनिटच्या खुणेवर अडीच युनिट जातात. सहा किलोच्या जिवाला अडीच पट डोस! एका मेडिकलवाल्याने मला ग्लार्जिनसोबत लाल टोपणाच्याच सिरिंज काढून दिल्या आणि वर "सगळ्या सारख्याच असतात" म्हणाला. सासूबाईंचं औषध रोज बघत असल्यामुळे टोपणाचा रंग डोळ्यांत भरला आणि तिथल्या तिथे परत केल्या. ज्या घरात आधी कोणी इन्सुलिनवर नाही, त्यांच्या हे लक्षात कसं येणार? फ्रिजमध्ये दोघांची औषधं आता वेगळ्या रंगाच्या डब्यांत असतात आणि बाळ्याच्या डब्यावर मी जाड मार्करने "100" लिहून ठेवलंय.

सिरिंज घेताना 0.3 मिलिलिटरची आणि अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मागा. साध्या एक मिलिलिटरच्या सिरिंजवर अर्धं युनिट डोळ्यांनी मापता येत नाही. इथे दुकानात अशा सिरिंज नव्हत्या, सांगून मागवून घ्याव्या लागल्या. 31 गेजची सुई इतकी बारीक असते की बाळ्या ताटलीतून मानही वर काढत नाही. जागा रोज बदलायची, एकाच जागी टोचत राहिलं तर तिथली कातडी जाड होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. चढउताराचं हेही एक कारण असतं.

उन्हाळ्याबद्दल पुण्या-मुंबईचं कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, उघडलेलंही 30 च्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि गोठू तर अजिबात द्यायचं नाही. मी ते फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवते, फ्रीझरच्या खाली लागून नाही आणि दारातही नाही. दार उन्हाळ्यात दिवसभर उघडझाप होतं. दुपारी लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे. जास्त वेळ गेली तर मातीच्या माठात एक वाटी ठेवून त्यात डबा. पाण्याला टेकू द्यायचा नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची, कंपनी उघडल्यापासून 28 दिवस सांगते.

पण इन्सुलिन सगळे जपतात, पट्ट्यांकडे कोणी बघत नाही. पट्ट्यांच्या डबीवरही 30 अंशांची मर्यादा छापलेली असते. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या पट्ट्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि इकडे घरोघरी वाळ्याचे कूलर. त्या ओल्या हवेत डबी उघडी राहिली तर पट्ट्या खराब होतात. एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं.

दंडाला लावायचा सेन्सर असतो, माणसांचाच, चौदा दिवस चालणारा, तोही एकदा लावून पाहिला. कंपनीचं नाव घेत नाही. मांजराच्या मानेमागचे केस काढून डॉक्टरांनी तो बसवला. बाळ्या खाटेखाली घुसता घुसता घासून तो मुदतीच्या आधीच निघाला, आणि त्याची किंमत बघता ते लागलं मनाला. मांजरांवर तो पूर्ण मुदत टिकत नाही असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. तो रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्याने बदलत असताना तो थोडा मागे असतो. तरी जेवढे दिवस टिकला तेवढ्यात त्याने रात्रीची शुगर दाखवली, जी मशीनने मी कधी मोजलीच नसती. पहाटे तीनला आकडा उतरतो हे त्यातूनच कळलं आणि डॉक्टरांनी रात्रीचा डोस अर्ध्या युनिटने कमी केला. सुरुवातीला एकदा, परवडत असेल तर, लावा. रोजच्यासाठी मशीनच बरं.

खाण्याने जेवढा फरक पडला तेवढा पडेल असं मला वाटलं नव्हतं. दूध-पोळी बंद, कोरडे दाणेही बंद, कारण त्यांत पिठाचा भाग बराच असतो. आता ओलं पॅकेटचं खाणं, ज्यात प्रथिनं जास्त आणि पिष्टमय पदार्थ कमी, आणि वरून उकडलेलं चिकन. पण हा बदल डॉक्टरांना न सांगता करू नका. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर शुगर खाली कोसळते. काही मांजरांचं इन्सुलिन या वाटेने पुढे सुटतंही. बाळ्याचं सुटलेलं नाही. पण बादलीतलं पाणी पिणं थांबलं, ट्रेला मुंग्या लागत नाहीत, आणि तो टाच उचलून चालायला लागलाय. कोठीवर उडी मारतो तेव्हा मी शिलाई मशीन थांबवून बघत बसते.

खर्चाचं सांगायचं तर मशीन स्वस्त, पैसा जातो तो पट्ट्यांत. मला एक पट्टी साधारण वीस रुपयांच्या आसपास पडते. रोज दोन्ही सुयांच्या आधी मोजायचं म्हटलं तर महिन्याचा हिशोब आधीच करून ठेवा. पन्नास पट्ट्यांचा डबा घेताना मुदतीची तारीख बघा. घरात माणसाचं मशीन असेल तरी मांजरासाठी वेगळं घ्या. यात 480 आकडे वेळेसकट साठतात, आणि सासूबाईंचे आकडे त्यात मिसळले तर डॉक्टरांना काहीच कळणार नाही. मी जळगावला जाताना वही आणि मशीन दोन्ही नेते. बाळ्याला प्रत्येक वेळी न्यावं लागत नाही.